रिकामा दिलेला डबा

बातमी मला मारियाबाईंनी दिली. दुपारी बाराच्या सुमाराला मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. ड्रॉवरमधला मोबाईल तीनदा थरथरला तरी मी उचलला नाही, कारण मराठी मंडळाचंच काहीतरी असणार आणि त्या आठवड्यात मंडळाच्या कामाला मी पुरती वैतागले होते. चौथ्यांदा उचलला. "विद्या, तुमचे जज्ज..." एवढंच इंग्रजीत बोलून मारियाबाई थांबल्या. शिर्केकाका सकाळी समुद्राकाठचा फेरफटका आटोपून परत आले आणि लिफ्टमध्येच कोसळले. इमारतीच्या रखवालदाराने त्यांच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मारियाबाईंना हाक मारली, ॲम्ब्युलन्स आली, पण उपयोग झाला नाही. माणूस गेल्याचं कळल्यावर मनात पहिला विचार कोणता यावा यावर आपला ताबा नसतो. माझ्या मनात आलं, अहो काका, दीड महिना थांबायचं होतं ना! हा दीड महिना कसला, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

वासुदेव शिर्के मूळचे रत्नागिरीकडचे. कोकणातल्या एका तालुक्याच्या कोर्टात ते दिवाणी न्यायाधीश होते. बदल्यांना कंटाळून नोकरी सोडली आणि कुवेतला आले, एवढंच ते सांगायचे. इथे शर्क भागातल्या एका वकिलांच्या कचेरीत इंग्रजी करारमदार तपासायचं काम करत. कचेरीपासून मासळी बाजार जवळ, त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी महबूलाला घरी परतताना हातात एक पिशवी फायलींची आणि एक झुबैदीची. झुबैदी म्हणजे आपलं पापलेट, पण काकांच्या मते आपल्या पापलेटाची सर तिला नाही, आणि हे ते दर गुरुवारी ती विकत घेऊन म्हणत. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी सायली पुण्यात. काका एकटे राहत, स्वतः स्वयंपाक करत आणि बाल्कनीतल्या कुंडीत गवती चहा वाढवत. कुवेतच्या उन्हाळ्यात गवती चहा जगवणं सोपं नाही. दुपारी ते कुंडी घरात एसीखाली आणून ठेवत आणि संध्याकाळी परत बाहेर नेत.

मारियाबाईंची आणि त्यांची मैत्री त्या कुंडीवरूनच झाली, कारण पाणी खाली बाईंच्या बाल्कनीत गळायचं. भांडायला म्हणून वर आल्या आणि चहा पिऊन गेल्या. पूर्व युरोपातल्या एका लहान देशात त्या न्यायाधीश होत्या. देशाचं नाव लिहू नकोस असं त्यांनी मला बजावलं आहे, तेव्हा लिहीत नाही. नवरा इथे तेल कंपनीत इंजिनियर. त्यांचा देश युरोपातल्या राष्ट्रांच्या संघात नव्याने सामील झालेल्यांपैकी. त्या गोष्टी काकांबरोबर मीही त्यांच्याकडून कितीदा तरी ऐकल्या. संघात घेण्याआधी वरच्यांनी त्यांचे कायदे मुळापासून तपासले, न्यायाधीशांच्या नेमणुका मंत्र्यांच्या हातून काढून न्यायाधीशांनी निवडलेल्या परिषदेकडे द्यायला लावल्या, कितीतरी वर्षं अहवाल मागवले. सामील झाले त्या दिवशी कोर्टाच्या अंगणात दोन झेंडे लागले आणि बाई चक्क रडल्या. काही वर्षांनी नवं सरकार आलं. त्याने न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय एकदम खाली आणलं आणि बाईंसकट सगळी जुनी जाणती माणसं एका दिवसात घरी गेली. काकांना या विषयाचं वेडच लागलं. संघातल्या नव्या देशांत न्यायालयांचं काय चाललंय याची कात्रणं ते फायलीत लावत, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगत. "लग्न ठरेपर्यंत मुलाकडचे किती गोड असतात, बघितलंयस ना? तसंच आहे हे. आत येईपर्यंत सगळ्या अटी मान्य. आत आल्यावर वरच्यांनी धरायचं कुठे?" आम्ही हसायचो. कुवेतमधल्या मराठी मंडळाला युरोपातल्या न्यायाधीशांचं काय सोयरसुतक?

पण सोयरसुतक निघालं. आखातातल्या जुन्या, मोठ्या मराठी मंडळांनी मिळून एक महासंघ केला आणि आमच्यासारख्या लहान मंडळांना त्यात यायचं आमंत्रण दिलं. एकत्र नाट्यस्पर्धा, भारतातून येणाऱ्या कलाकारांचे दौरे वाटून घेणं, सगळं हवंहवंसं. अट एकच होती. प्रत्येक मंडळात तीन जणांची तंटा समिती हवी. ती सभासदांनी गुप्त मतदानाने निवडायची, कार्यकारिणीने नाही, आणि मुदत संपेपर्यंत कार्यकारिणीला तिला हात लावता येणार नाही. मी तेव्हा नुकतीच अध्यक्ष झाले होते. मी म्हटलं, लिहा की, कागदच तर आहे. नियम काकांनीच लिहून दिले आणि समितीच्या प्रमुखपदी सभासदांनी त्यांनाच निवडलं.

पहिला तंटा आला तो माझ्याच घरातला. महासंघाच्या स्पर्धेला आमच्याकडून एक एकांकिका जायची होती. महबूलाच्या संचाचा दिग्दर्शक माझा नवरा नितीन, आणि मुख्य भूमिकेत मी. दुसरा संच जलीबच्या कामगार वस्तीतल्या मंडळींचा. एका खोलीत सहा-सहा जण राहणारे टेक्निशियन, ड्रायव्हर, स्टोअरकीपर. पलंग भिंतीला उभे करून मधल्या जागेत तालीम करायचे. त्यांचा म्होरक्या संतोष, एसी दुरुस्तीवाला, मराठवाड्याचा. नाव नोंदवायचा शेवटचा दिवस गुरुवार जाहीर झाला होता. हॉलच्या अडचणीमुळे कार्यकारिणीने तो मंगळवारवर आणला आणि कार्यकारिणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तसं टाकलं. त्या ग्रुपमध्ये जलीबचं कुणी नव्हतं. संतोष बुधवारी अर्ज घेऊन आला, तेव्हा मीच त्याला उशीर झाल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, आम्हाला कुणी कळवलंच न्हाई. कळवलं असतं तर सुट्टी टाकून आलो असतो की." आणि त्याने तंटा समितीकडे अर्ज दिला.

आता माझी चूक ऐका. सुनावणीच्या आदल्या दिवशी मी ओल्या नारळाच्या करंज्या केल्या होत्या. काकांना त्या जीव की प्राण. दरवेळी पाठवायचे तशाच डब्यात भरून पाठवल्या. स्टीलचा तो डबा माझ्या लग्नातला, बाजूला 'सौ. विद्या' असं कोरलेला. शपथेवर सांगते, मनात काही नव्हतं. संध्याकाळी डबा परत आला... भरलेला. झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत, काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतात, हे काकांना मी सांगायची गरज नव्हती. पण भरलेला परत? कुणी माझ्या तोंडावर दार आपटलं असतं तरी मला एवढं लागलं नसतं. त्या करंज्या मी रागारागाने एकटीने संपवल्या.

निकाल जलीबच्या बाजूने लागला. वर त्यांची एकांकिका निवड फेरीत आमच्यापेक्षा सरस ठरली, आणि ती होती सरस, हे आज म्हणायला माझी जीभ अडखळत नाही. तेव्हा मात्र मी डोक्यात राख घालून घेतली होती. पुढच्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडला: साठ वर्षांवरच्या ज्येष्ठांना समितीच्या दगदगीतून मुक्त करावं, नव्या रक्ताला वाव द्यावा. समितीत साठीच्या वर एकच जण होते. ठराव टाळ्यांत मंजूर झाला, आणि त्याच कार्यक्रमात मी माझ्या हाताने काकांना शाल आणि श्रीफळ दिलं. केवढं गोड भाषण केलं मी! त्यांचा अनुभव, त्यांची निःस्पृहता, आणि आता त्यांनी विश्रांती कशी घ्यावी. काकांनी नारळ घेतला, वाकून नमस्कार केला आणि जागेवर जाऊन बसले.

मारियाबाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. मराठी त्यांना कळत नाही, म्हणून शेजारच्या कुणाला तरी त्यांनी विचारून घेतलं असावं. हॉलच्या दाराशी त्यांनी माझा हात धरला. रागात नव्हत्या. "विद्या, घरी पाठवताना आम्हाला सरकारने ट्यूलिपची फुलं दिली होती," त्या म्हणाल्या. "काढलं कुणालाच नाही. अभिनंदन केलं. फार सुंदर फुलं होती."

तीन दिवस मी ते वाक्य डोक्यातून घालवायचा प्रयत्न केला. लॅबमध्ये नमुने तपासताना, गाडी चालवताना, जमईयात, म्हणजे इथल्या सहकारी दुकानात, भाजी निवडताना. मला राग येत होता तो बाईंचा. कुठे त्यांचं सरकार आणि कुठे आमचं दीडवितीचं मंडळ! चौथ्या दिवशी महासंघाकडून ईमेल आली. संतोषने तिकडे तक्रार केली होती. समितीच्या सदस्याला मुदतीआधी दूर करणं सदस्यत्वाच्या अटींत बसत नाही, खुलासा पाठवावा. मी लगेच उत्तर लिहायला घेतलं, की हा आमच्या मंडळाचा अंतर्गत प्रश्न आहे, बाहेरच्यांना इथली परिस्थिती ठाऊक नाही, आम्ही काही कुणाचे मांडलिक नाही. लिहून झाल्यावर वाटलं, कायद्याची भाषा एकदा कुणीतरी डोळ्यांखालून घालायला हवी. आणि माझ्या निर्लज्जपणाची कमाल अशी, की मी ते घेऊन शिर्केकाकांकडेच गेले. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय.

त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. "भाषा छान आहे," म्हणाले. मग उठून कात्रणांची फाईल आणली आणि माझ्यासमोर उघडली. तीन वेगवेगळ्या देशांच्या पुढाऱ्यांची वक्तव्यं होती. अंतर्गत प्रश्न. बाहेरच्यांना काय ठाऊक. आम्ही कुणाचे मांडलिक नाही. "सगळे हेच म्हणतात गो. शब्दसुद्धा बदलत नाहीत." माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते लाजेचं होतं की रागाचं, खरंच सांगता येणार नाही. मी म्हटलं, "काका, मी काय त्यांच्यासारखी आहे का? मला तर फक्त राग आला होता. तुम्ही डबा परत पाठवलात..." आणि मी लहान मुलीसारखी रडायला लागले.

तेव्हा त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. तालुक्याच्या कोर्टात नवीन असताना शेजारच्या आळीतल्या एका घरी सत्यनारायणाला गेले होते. प्रसाद घेतला, चहा घेतला. यजमानाची जमिनीची केस आपल्याच बोर्डावर आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं, ती अजून त्यांच्यासमोर आलेली नव्हती. पुढे आली, चालली आणि यजमानाच्या बाजूने निकाल झाला. हरलेला माणूस कोर्टाच्या पायऱ्यांवर उभा राहून सगळ्यांदेखत म्हणाला, साहेबांनी प्रसाद कुणाकडचा घेतला ते आळीला ठाऊक आहे. "निकाल बरोबर होता, विद्या. वरच्या कोर्टातही टिकला. पण त्या माणसाला आता ते कोण पटवणार? मी तर नाही. तो जन्मभर असंच समजत राहिला असेल, की आपली जमीन शिऱ्याच्या द्रोणात गेली." त्यांनी फाईल मिटून बाजूला ठेवली. "बदल्यांना कंटाळलो म्हणून सोडली नाही मी नोकरी. त्या पायऱ्या चढायची लाज वाटायला लागली. सोडायला नको होती, हे मारियाबाईंना भेटल्यावर कळलं. त्यांना काढलं. मी आपणहून गेलो."

मी विचारलं, आता काय करू? ते म्हणाले, "मला विचारू नकोस, मी त्यात आहे. पण वरून हुकूम आला म्हणून बदललंस तर पुढच्या वेळी वरचे बघत नसताना परत तेच करशील. चूक वाटत असेल तर तुझी तू मागे घे." त्या शुक्रवारी मी खास सभा बोलावली आणि ठराव मागे घेतला. महासंघाच्या पत्राचा उल्लेख केला, लपवला नाही, पण माफी मागितली ती जलीबच्या मंडळींची आणि काकांची. संतोष उठून म्हणाला, "ताई, जाऊ द्या आता. तालमीला हॉल तेवढा द्या." हशा पिकला. त्यांना हॉल मिळाला आणि काका समितीत परत आले.

मला वाटलं, झालं, आता सगळं पहिल्यासारखं. कुठलं काय. पुढच्या वेळी काका घरी आले ते थर्मास घेऊन. समिती कधीही कार्यकारिणीच्या विरोधातली तक्रार ऐकू शकते, आणि कार्यकारिणीची मी अध्यक्ष. म्हणजे मी अध्यक्ष आहे तोवर माझ्या घरचा चहासुद्धा नाही! मी खूप वाद घातला. शेवटी तडजोड झाली ती अशी, की कप माझा आणि चहा त्यांचा. मी ट्रेमध्ये इतरांसाठी भरलेले कप आणायचे आणि काकांसाठी एक रिकामा. ते थर्मासमधून गवती चहा घातलेला आपला चहा ओतून घ्यायचे आणि आमच्याबरोबर फुंकर घालत प्यायचे. माझी मुलगी रेवा म्हणायची, "आई, ही इज सो वीअर्ड." मी तिला गप्प करायचे, पण मलाही वाटायचंच की हा अतिरेक आहे. एकदा तसं बोललेही. काका म्हणाले, "अतिरेकच आहे. पण संतोष तुझ्या घरी आला की माझ्या कपाकडे बघतो, पाहिलंयस?" त्यानंतर मी पाहायला लागले. खरंच बघायचा. बघून आरामात बसायचा.

या वर्षाच्या सुरुवातीला काका स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले. पाणी चालायचं, त्याबद्दल नियम नव्हता. फळीवर तो कोरलेल्या नावाचा डबा दिसला. त्या दिवसापासून मी तो कुणालाच पाठवला नव्हता. "तो डबा दे मला," म्हणाले. मी म्हटलं, थांबा, काहीतरी घालते. "नको, रिकामाच दे." रिकामा डबा कुणी कुणाला देतं का, मी कुरकुरले. "रिकामा घेतला तर कुणाची हरकत नाही. मी भरून परत करीन. पण तुझी मुदत संपल्यावर. मग जेवायलाच येतो, करंज्या कर. एकदा परत पाठवल्यायत, ते माझ्या मनातून जात नाही." त्यांना ते लागून राहिलं होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटायचं, लागलं ते फक्त मला. मी डबा पुसून त्यांच्या हातात दिला.

माझी मुदत संपायला तेव्हा बरेच महिने होते. ते गेले तेव्हा दीड महिना राहिला होता.

कागदपत्रं झाली, सिव्हिल आयडी रद्द झालं, नितीन त्यांच्याबरोबर मुंबईपर्यंत गेला. निरोपाला हॉस्पिटलच्या आवारात जलीबची सगळी मंडळी कामाच्या गणवेशातच आली होती. संतोष माझ्याशेजारी उभा होता, म्हणाला, "ताई, माझ्या बाजूनं निकाल दिल्यावर मी पेढे घेऊन गेलो होतो त्यांच्याकडं. घेतले न्हाईत. लई वाईट वाटलं होतं." इतके दिवस मी समजत होते, परत पाठवलं ते माझं एकटीचं.

तीन आठवड्यांनी सायली घर आवरायला आली. मी आणि मारियाबाई मदतीला गेलो. कात्रणांच्या फायली बाईंनी मागून घेतल्या. त्यांच्या देशात आता पुन्हा वारं फिरलं आहे, काढलेल्यांना परत बोलवायचं चाललं आहे, पण बाई म्हणतात, खुर्च्या भरल्या गेल्यात, आता त्या बसलेल्यांना उठवायचं तर तेही कुणीतरी नियमानेच करायला हवं ना? काका असते तर या प्रश्नावर महिनाभर बोलले असते. गवती चहाची कुंडीही बाईच घेऊन गेल्या. थर्मास सायलीने ठेवला. आवरताना ओट्याखालच्या कपाटातून तिने एक डबा काढला आणि बाजूला कोरलेलं नाव वाचून माझ्याकडे दिला. झाकणावर चिकटपट्टीने एक चिठ्ठी लावली होती. काकांचं ते बारीक, कोर्टातलं अक्षर. 'विद्याची मुदत संपल्यावर द्यावा.'

म्हणजे भरून ठेवला होता! दीड महिना आधीच, किंवा त्याहूनही आधी, कोण जाणे. सायलीला यातलं काही ठाऊक नव्हतं, ती म्हणाली, "घ्या ना ताई, तुमचाच आहे." मी घेतला. घरी आणला. रेवाने तो हलवून बघितला, आत काहीतरी हलकं सळसळलं. तिने झाकणाला हात घातला, तशी मी तिच्या हातातून डबा काढून घेतला.

आज हे लिहिते आहे तेव्हा डबा समोर फळीवर आहे, पूर्वीच्याच जागी. झाकणाच्या कडेला नाक नेलं तर गवती चहाचा वास येतो, किंवा मला तसं वाटतं. सर्वसाधारण सभा येत्या शुक्रवारी आहे. करंज्यांसाठी नारळ आणून ठेवले आहेत. अजून चार दिवस मी अध्यक्ष आहे, आणि मी डबा उघडलेला नाही.